स्पिती, सात माणसं आणि कमी पडलेला एक दिवस

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात जायला आम्ही अकरा जण होतो. तारखा ठरेपर्यंत नऊ उरले आणि रेल्वेची तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा सात. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे कोण खरंच येणार आणि कोण नुसतेच अंगठे दाखवणार हे दोन महिने आधी कळून चुकतं. उरलेल्या सातांत मी, माझी मावशी (वय एकसष्ट, बँकेतून निवृत्त) आणि कॉलेजपासूनचे पाच जण. त्यातल्या तिघांची नावं मागे पडून त्यांना हुद्देच चिकटले: खजिनदार, ट्रेकर आणि चंद्रतालवाला. या शेवटच्या प्राण्याच्या फोनवर तीन वर्षं चंद्रतालचाच फोटो आहे. तो स्पितीसाठी येतच नव्हता, त्या एका तळ्यासाठी येत होता, आणि हे त्याने लपवलंही नव्हतं.

बजेट माणशी पंचवीस हजार, घरापासून घरापर्यंत. एरवी आमचं सगळं टीटीएमएम, तुझं तू माझं मी. पण दहा दिवस एका गाडीत बसून चहागणिक पैसे फोडत बसलं तर डोकी फुटतील, म्हणून सगळे पैसे आधीच खजिनदाराकडे जमा केले. त्याने लाल बांधणीची लांबट वही आणली. डोंगरात चार्जिंग नसतं, असं कारण सांगितलं. खरं म्हणजे त्याला वही आवडते.

पहिला वाद दिशेचा. मनालीकडून अटल बोगद्यातून घुसलं तर स्पितीतलं मुख्य गाव काझा एका दिवसात गाठता येतं. शिमल्याकडून किन्नौरमार्गे वर चढत गेलं तर दोन मुक्काम वाढतात. गाडीभाडं दिवसाला साडेपाच हजार, म्हणजे अकरा हजार तिथेच, वर राहणं-खाणं. कागदावर मनालीच स्वस्त. पण मनाली दोन हजार मीटरवर, काझा ३,८०० मीटरच्या आसपास, आणि मध्ये ४,५५१ मीटरचा कुंझुम घाट. शरीराला हे एका दिवसात झेपायचं कसं? शिमल्याची बाजू पायरीपायरीने वर नेते. मावशीने विषय संपवला: “वाचवलेले पैसे ऑक्सिजनवर घालायचेत का?”

दुसरा वाद गाडीचा. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटा मऊ असतात, पण काझा-मनाली वाटेवरचा बातल ते ग्रामफू हा दगडगोट्यांचा पट्टा ऐकून होतो, म्हणून फोर्सची क्रूझर घेतली, डिझेल आणि चालकाचा भत्ता धरून. गाडी मुद्दाम हिमाचल पासिंगची. बाहेरच्या राज्याच्या टॅक्सीला प्रवेशकर पडतो आणि तो शेवटी आपल्याच बिलात येतो.

तिसरा वाद राखीव दिवसाचा. मावशी म्हणत होती दोन दिवस रिकामे ठेवा, खजिनदार म्हणत होता एकही नको. मी खजिनदाराच्या बाजूने होते, हे इथे कबूल केलेलं बरं. तडजोड म्हणून एक ठेवला, शेवटी मनालीत. चंद्रतालजवळच्या तंबूंचं आगाऊ आरक्षण केलं, माणशी दीड हजार, निम्मे आधी. सातांचे ५,२५० रुपये.

दिवस १ : अंबाला ते नारकंडा

वांद्र्याहून पश्चिम एक्स्प्रेसने अंबाल्याला उतरलो, रात्र स्टेशनजवळच्या धर्मशाळेत काढली आणि पहाटे पाचला गाडी दारात. चालक कुल्लूकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. आम्ही त्यांना भाईजी म्हणू लागलो. शिमला बाहेरूनच ओलांडलं. मॉल रोड हुकल्याची हळहळ फक्त मावशीला. नारकंड्याला संध्याकाळी देवदारांत धुकं, दशम्या आणि लसणीची चटणी. या दिवसाबद्दल एवढंच.

दिवस २ : नारकंडा ते... सराहन

आजचा मुक्काम कल्प्यात असायला हवा होता. नारकंड्याहून रस्ता झरझर खाली सतलजच्या काठाला उतरतो. सप्टेंबर असूनही रामपूरला घामाघूम झालो. जेवरी ओलांडून थोडं पुढे गेलो आणि समोर ट्रकांची रांग. वर किन्नौरला जाणाऱ्या रिकाम्या गाड्या वाट बघत उभ्या. खाली उतरू पाहणारे सफरचंदांनी भरलेले ट्रक दरडीच्या पलीकडे असणार, कारण वास मात्र या बाजूला येत होता. भाईजी पायी पुढे जाऊन बघून आले. जेसीबी उभा होता, पण वरून अजून दगड सुटत होते, म्हणून चालकाला आत घालत नव्हते. २०२१च्या ऑगस्टमध्ये याच टापूत निगुलसरीला दरडीखाली एसटीसारखी सरकारी बस सापडली होती. त्यामुळे इथे कुणी घाई करत नाही, हॉर्नसुद्धा वाजवत नाही.

दुपारी तीनपर्यंत बसलो. मग भाईजी म्हणाले, “आज नहीं खुलेगा,” आणि गाडी वळवली. खजिनदाराने वही उघडून राखीव दिवसापुढे फुली मारली. दुसऱ्याच दिवशी!

जेवरीहून वर सतरा किलोमीटरवर सराहन, बुशहर संस्थानची जुनी राजधानी. आमच्या योजनेत नव्हतं. भीमाकालीच्या मंदिराच्या आवारातल्या विश्रामगृहात खोल्या मिळाल्या, आणि वहीत बघितलं तर सबंध प्रवासातली सगळ्यात स्वस्त रात्र हीच. मंदिर दगड आणि देवदाराच्या तुळया यांचे थर एकावर एक रचून बांधलेलं. काठकुणी म्हणतात त्याला, मध्ये चुना-सिमेंट काही नाही. आत जाताना डोकं झाकायचं आणि चामड्याचं काही न्यायचं नाही. दारातच टोप्या ठेवलेल्या असतात. ट्रेकरने पट्टा काढून दिला आणि नंतर सबंध दर्शन एका हाताने पँट धरून घेतलं. नमस्काराला दुसरा हात लागतो हे त्याच्या गाभाऱ्याशी लक्षात आलं. मावशी देवीसमोर हसू दाबत उभी होती, ते काही मी विसरणार नाही.

दिवस ३ : सराहन ते कल्पा

सकाळी नदीपलीकडे श्रीखंड महादेवाचं शिखर स्वच्छ दिसलं. अकराला रस्ता एकेरी उघडला. तरांड्याला कड्यातच कोरून काढलेला रस्ता आहे. डोक्यावर खडक, खाली नुसती पोकळी. देवीच्या देवळाशी गाडी थांबवून पाया पडल्याशिवाय पुढे जायचं नाही हा चालकांचा शिरस्ता. भाईजींनी इंजिन बंद न करता खिडकीतूनच हात जोडले.

कल्पा २,९६० मीटरवर. समोर किन्नर कैलास इतका जवळ की फोटोत मावत नाही. होमस्टेच्या मागच्या बागेत सफरचंदं पेट्यांत भरणं चाललं होतं. प्रत्येक फळ कागदात गुंडाळून, आकारानुसार वेगळं. गळून पडलेली टोपलीभर आम्हाला मिळाली, फुकट. पुढचे चार दिवस फळांवर एक रुपया खर्च झाला नाही.

दिवस ४ : कल्पा ते नाको

पोवारीला डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरली. पूह गावाच्या पुढे झाडं संपतात. आपला सह्याद्री श्रावणात हिरवा आणि वैशाखात तपकिरी असतो. हे डोंगर कुठल्याच ऋतूचे वाटत नाहीत. खाबला स्पिती नदी सतलजमध्ये शिरते, एकीचं पाणी गढूळ राखाडी, दुसरीचं जरा निळसर, आणि पुलावरून काही अंतर दोन्ही वेगळ्या दिसत राहतात. तिथून वळणावळणांनी रस्ता नाकोला ३,६६० मीटरवर चढतो.

इथे पहिल्यांदा डोकी जड झाली. बॅगेतलं चिवड्याचं पाकीट उशीसारखं टम्म फुगलं होतं. ते बघून मावशी म्हणाली, “आपलंही आत हेच चाललंय.” पोचल्या पोचल्या आडवं व्हायचं नाही, तळ्याभोवती हळू एक चक्कर मारायची, लसणीचं सूप आणि भरपूर पाणी, असा तिचा कायदा. उंचीचा त्रास टाळणाऱ्या डायमॉक्सच्या गोळ्या सोबत होत्या, निघण्याआधी आपापल्या डॉक्टरांना विचारून घेतलेल्या. आमच्यातल्या एकीला सल्फाची अ‍ॅलर्जी, तिला त्या वर्ज्य. ट्रेकरने घेतल्या नाहीत. कळसूबाई दरवर्षी चढणाऱ्याला गोळी कशाला? कळसूबाई १,६४६ मीटर. नाकोचं तळं तिच्या दुपटीहून उंच आहे, पण हे त्याला त्या वेळी कोण सांगणार.

दिवस ५ : नाको ते काझा, वाटेत ताबो

ताबोला ‘हिमालयातली अजिंठा’ म्हणतात. असल्या उपमांचा मला राग येतो, कारण मराठी माणूस अजिंठा बघून आलेला असतो आणि मनात तीच घेऊन जातो. बाहेरून तर निराशाच. मातीच्या बुटक्या, खिडक्या नसलेल्या खोल्या, गावातल्या कणगीसारख्या. हा मठ ९९६ साली बांधला. अजिंठ्याला निदान कातळ आहे. इथे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा हजार वर्षं उभ्या आहेत, त्या केवळ इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही म्हणून.

मुख्य दालनात फोटो काढू देत नाहीत, दिवेही नाहीत. लामांनी छोटी विजेरी दिली. मिनिटभर काही दिसलं नाही. मग भिंतीतून बाहेर आलेल्या, माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती एकेक करून उजेडात यायला लागल्या. खालचा आधार दिसतच नाही, त्यामुळे हवेत बसल्यासारख्या. त्यांच्या वरखाली चित्रं. एका कोपऱ्यात छतातून पाणी झिरपल्याचा ओघळ चित्रावर उतरलेला होता, चेहऱ्याच्या मधोमध. अलीकडे इथे पाऊस वाढलाय, असं लामा म्हणाले, आणि विजेरी पुढे नेली.

काझ्याला संध्याकाळी पोचलो. होमस्टेत रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरून माणशी हजार. रोख. गावात एटीएम आहे, पण त्याच्या भरवशावर येऊ नये, हे आम्ही ऐकून होतो आणि दुसऱ्या दिवशी दारावरची रांग बघून पटलंही.

दिवस ६ : लांगझा, हिक्किम, कोमिक

तिन्ही गावं ४,४०० मीटरच्या वर किंवा आसपास. लांगझ्याला बुद्धाच्या मोठ्या मूर्तीपाशी पोरं शंखासारखे दगड दाखवतात. हा सगळा प्रदेश एके काळी समुद्राचा तळ होता, आणि ते अमोनाइटचे जीवाश्म. विकत घेऊ नयेत. ते इथलेच राहिलेले बरे, शिवाय खजिनदाराने परवानगी दिली नसती.

हिक्किमचं टपाल कार्यालय १९८३ पासून चालू आहे, जगातलं सर्वांत उंचावरचं म्हणून ओळखलं जातं. बाहेर चित्रांची कार्डं पन्नास-पन्नास रुपयांना मिळत होती. खजिनदाराने खिशातून साध्या पिवळ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला. पन्नास पैशांचं एक, घरूनच आणलेली. सात जणांची सात, साडेतीन रुपये. वहीतली सगळ्यात लहान नोंद, आणि ती लिहिताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते त्याला किन्नर कैलास बघूनही झालं नव्हतं. चंद्रतालवाल्याने आईला लिहिलं: ‘हे पत्र मिळेल तोवर मी चंद्रताल बघून आलेलो असेन.’

कोमिकला ट्रेकर मठाच्या पायऱ्या धावत चढला. आम्ही बाकीचे चार पावलांवर थांबत होतो, मावशी तर दोन. संध्याकाळी काझ्यात उतरेपर्यंत तो गप्प झाला. रात्री जेवला नाही, मग उलट्या, आणि डोकं असं दुखतंय की दिवाही नको. मावशीच्या पर्समधलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ७२ दाखवत होतं. तिचं स्वतःचं ८८. भाईजींना उठवलं, सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, तपासलं, सरळ रेषेत चालवून बघितलं. चालणं ठीक होतं, म्हणून खाली पळवायची गरज नव्हती. पण त्यांनी बजावलं: दोन दिवस इथेच, यापेक्षा उंचावर झोपायचं नाही, आणि त्रास वाढला तर थेट खाली. चंद्रतालचे तंबू साधारण ४,२५० मीटरवर.

पोरगा सगळ्यांत तंदुरुस्त होता. उंचीच्या या आजाराला तब्येतीशी देणंघेणं नसतं, घाईशी असतं.

दिवस ७ : काझा

बाकीचे की मठ, किब्बर गाव आणि चिचमचा पूल बघायला गेले. खोल दरीवरचा हा पूल २०१७ साली झाला. त्याआधी गावकरी तारेवरच्या पाळण्यात बसून ती दरी ओलांडत. मी ट्रेकरसोबत थांबले.

होमस्टेची मालकीण, सगळे तिला आमा म्हणत, छतावर हिवाळ्याचा चारा पसरत होती. इथली छपरं सपाट, आणि कडेने सरपणाच्या काटक्या आणि वाळलेला चारा असा रचलेला की घराला झालर लावल्यासारखी दिसते. ती झालर म्हणजे सहा महिन्यांची बेगमी. मी मदत करायला वर गेले. पाच मिनिटांत धाप लागली. आमा माझ्याकडे न बघता काम करत राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “बैठो, घास भागेगा नहीं.” मग मिठाचा लोण्याचा चहा आणला. पहिला घोट चहा समजून घेतला तर फसतो. कढण समजून घेतला तर छान लागतो. डाळ कुकरशिवाय शिजत नाही, कारण इथे पाणी शंभरच्या बरंच आधी उकळतं. तिच्या स्वयंपाकघरात म्हणूनच तीन कुकर होते, आणि एकाची शिट्टी गेलेली, तिथे दोऱ्याने चमचा बांधलेला. (हे कुणी करून बघू नये.)

सबंध प्रवासात मी फोन बाजूला ठेवून बसले ते त्या छतावरच. दुपारी ट्रेकरने अर्धी वाटी खिचडी खाल्ली. ऑक्सिमीटर ८१.

दिवस ८ : काझा, पुन्हा

आता भांडण झालं. चंद्रतालवाल्याचं म्हणणं, आजारी माणसासोबत दोघं थांबा, बाकीच्यांना भाईजी एका दिवसात चंद्रतालला नेऊन आणतील. भाईजींनी नकार दिला. जाऊन-येऊन आठ-नऊ तास खराब रस्ता, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच रस्ता मनालीपर्यंत. दुसरी गाडी करायची तर तिचे पैसे कोणी द्यायचे? खजिनदाराने वही पुढे केली. चंद्रतालवाला म्हणाला, “सराहनला एक दिवस गेला नसता तर?” सराहन कुणाची चूक नव्हती, ट्रेकरही कुणाची चूक नव्हता. एक रिकामा दिवस अजून असता तर दोन्ही पचलं असतं. मावशी काहीच बोलली नाही. ती ‘मी सांगितलं होतं’ म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

तंबूवाल्याला फोन केला. पैसे परत मिळणार नाहीत, पण पुढल्या वर्षी आलात तर धरून घेईन, म्हणाला.

दिवस ९ : काझा ते मनाली

पहाटे साडेपाचला निघालो. दुपारनंतर वरचा बर्फ वितळून नाल्यांचं पाणी वाढतं, म्हणून बातलच्या पुढचे नाले उन्हं चढायच्या आत ओलांडायचे, हा भाईजींचा नियम. लोसर मागे टाकून कुंझुमला आलो. देवीच्या देवळाला गाडीनेच प्रदक्षिणा घालतात. दगडाला नाणं चिकटलं की इच्छा पुरी होते म्हणतात. चंद्रतालवाल्याने प्रयत्न केला नाही. ट्रेकर गाडीतच डोळे मिटून बसला होता, पण रंग माणसाचा होता.

उतारावर बातलच्या अलीकडे उजवीकडे फाटा लागला. दगडावर रंगवलेला बाण, चंद्रताल. बारा-तेरा किलोमीटर. भाईजींनी स्वतःहून गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, आणि मागे वळून म्हणाले, “अब बोलो. ताल जाएंगे तो नाले शाम को मिलेंगे.” कुणी बोललं नाही. चंद्रतालवाला खाली उतरला, फाट्यावर उभा राहिला, थोडं त्या रस्त्याने चालत गेला. तीसेक पावलं. मग परत येऊन पुढच्या सीटवर बसला आणि म्हणाला, “चला, चहा घेऊ.”

बातलच्या ढाब्यावर राजमा-भात. पुढचा पट्टा रस्ता म्हणावा असा नाहीच, नदीच्या पात्रातून वाट काढत जाणं आहे. दोन नाल्यांत पाणी पायदानापर्यंत आलं. टेम्पो ट्रॅव्हलर घेतली असती तर, हा विचार सगळ्यांनी मनातच केला. ग्रामफूला डांबर लागलं तेव्हा गाडीत अचानक शांतता पसरली, इतका वेळ खडखडाट ऐकत होतो. अटल बोगदा नऊ किलोमीटरचा, दहा-बारा मिनिटांत पलीकडे. आत शिरताना उघडे डोंगर, बाहेर पडताना देवदार आणि पाऊस.

दिवस १० : मनाली ते अंबाला

बोगदे, चौपदरी रस्ता, टोल. रात्रीची गाडी मिळाली.

हिशेब रेल्वेतच झाला. माणशी २१,८०० रुपये, त्यात सगळ्यात मोठा वाटा गाडीचा. खाण्यावर धरले होते त्यापेक्षा कमी गेले. दवाखान्याची नोंद खजिनदाराने वेगळी न दाखवता ‘इतर’मध्ये टाकली. ट्रेकर पैसे द्यायला निघाला तर म्हणाला, ते सगळ्यांचे आहेत. भाईजींना वर दोन हजार दिले. तेही सगळ्यांचे.

पोस्टकार्डं बावीस दिवसांनी आली. चंद्रतालवाल्याच्या आईने त्याचं कार्ड फ्रिजवर लावलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते. त्याने अजून तिला दुरुस्ती सांगितलेली नाही.

वही माझ्याकडे आहे, पुढच्या वेळची खजिनदार मी. शेवटच्या पानावर तंबूंचे ५,२५० रुपये त्याने ‘खर्च’ या रकान्यात लिहिलेले नाहीत. ‘येणे’ या रकान्यात लिहिलेत, आणि समोर पेन्सिलीने मावशीच्या अक्षरात: राखीव दिवस, दोन.